कमी पगारावर मोठ्या कंपनीतला ज्येष्ठता क्रमांक घ्यावा, की आधी कॅप्टन व्हावे?

नमस्कार. जाणकार वैमानिकांकडून सल्ला हवा आहे.

मी ३१ वर्षांचा असून चार वर्षांपासून एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. सगळे सुरळीत राहिले तर साधारण दीड वर्षात इथे कॅप्टन होण्याची माझी पाळी येईल. नेमके आत्ताच एका मोठ्या कंपनीकडून जेट विमानासाठी नेमणुकीचे पत्र आले आहे. मात्र तिथे पहिली तीन वर्षे पगार आजच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी राहील, टाइप रेटिंगपोटी (त्या प्रकारचे विमान उडवण्याच्या प्रशिक्षणापोटी व परवानगीपोटी) तेवढ्याच मुदतीचा, म्हणजे कंपनी न सोडण्याचा, बॉण्ड लिहून द्यावा लागेल, आणि प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे फेडायचे आहेत.

तरीही मन तिकडे ओढते, कारण तिथे रुजू झाल्याच्या तारखेवरून जो ज्येष्ठता क्रमांक मिळतो त्यावरच पुढे विमान, बेस (ज्या शहरातून काम करायचे ते), सुट्ट्या आणि कॅप्टनची पाळी ठरते. माझे दोन मित्र तिथे एकत्रच निवडले गेले होते. त्यांपैकी एकाने घरच्या अडचणीमुळे रुजू व्हायला चार महिने मागून घेतले आणि तेवढ्यात दीडशे जण त्याच्या पुढे गेले. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो स्टँडबाय, म्हणजे बोलावणे आले की लगेच निघायच्या तयारीत, होता: गणवेश इस्त्री करून दाराला टांगलेला, बॅग भरलेली, आणि जेवतानाही फोन ताटाशेजारी. वेळेवर रुजू झालेल्या मित्राला मात्र बहुतेक महिन्यांत मागितलेले रोस्टर (कामाचे वेळापत्रक) मिळते.

दुसरी बाजूही मला तितकीच छळते. हा क्रमांक त्या कंपनीबाहेर कामाचा नाही, आणि कपात झाली तर यादीत शेवटी असलेला आधी घरी जातो. २०२० मध्ये अनेक कंपन्यांत तसेच झाले. शिवाय वरचे लोक निवृत्त झाल्याशिवाय यादी फारशी सरकत नाही. २००६ मध्ये आयकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) एकाहून अधिक वैमानिक असलेल्या विमानांसाठी वयोमर्यादा ६० वरून ६५ केली, तेव्हा जिथे ती लागू झाली तिथे खालच्यांची बढती लांबली. उलट कॅप्टन म्हणून भरलेले तास लॉगबुकात कायमचे राहतात आणि कुठल्याही कंपनीत मोजले जातात. ६५ पर्यंतची ३४ वर्षे कागदावर भरपूर वाटतात, पण एखाद्या वैद्यकीय तपासणीत ती संपूही शकतात, म्हणून आज हाती येणारा पैसा मी क्षुल्लक मानू शकत नाही.

माझा कल क्रमांक घेण्याकडे आहे, पण पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी माझ्या पगारावर अवलंबून असल्यामुळे एकट्याने ठरवण्याचे धाडस होत नाही. ज्यांनी कॅप्टनपद तोंडावर आलेले असताना कंपनी बदलली, त्यांना पहिली तीन वर्षे कशी गेली, आणि जे थांबले त्यांना ते तास पुढे खरोखर उपयोगी पडले का? तसेच त्या कंपनीतले किती कॅप्टन येत्या दहा वर्षांत निवृत्त होणार, हे होकार देण्याआधी कोणाकडे आणि कसे विचारावे? मला महिनाअखेरपर्यंत उत्तर कळवायचे आहे.