वळिवड्याची छावणी आणि वेल्समधील पेन्‍रोस

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती; ते निर्वासित पुढे कोठे गेले, याविषयी थोडे सांगतो. त्यांच्यापैकी अनेक जण १९४७-४८च्या सुमारास ब्रिटनला गेले, कारण पोलिश सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना तेथे स्थायिक होता यावे म्हणून १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा केला होता. वेल्समध्ये पुल्हेलीजवळ समुद्रकाठी हवाई दलाचा पेन्‍रोस तळ होता. युद्धानंतर रिकाम्या झालेल्या या तळावर पोलिश लोकांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये पोलिश गृहनिर्माण संस्थेने तेथे वृद्धांसाठी निवासाची व शुश्रूषेची सोय केली. प्रार्थनामंदिर आणि ग्रंथालय असलेल्या या वस्तीत म्हाताऱ्या माणसांना आपल्याच भाषेत बोलता येत असे, आणि माझ्या मते उतारवयातील परक्या माणसासाठी औषधाइतकीच ती गरज होती.

याच जागेचा आधीचा इतिहासही विसरू नये. बॉम्बफेकीच्या प्रशिक्षणाचा हा तळ उभारण्यासाठी येथील पेनिबर्थ हे जुने शेतघर पाडले गेले, तेव्हा वेल्श राष्ट्रवादी लेखक साँडर्स लुईस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये तळाच्या बांधकामाला आग लावली, स्वतःहून पोलिसांत जाऊन ते सांगितले आणि नऊ महिन्यांची शिक्षा स्वीकारली.