न भेटलेल्या दोस्तांबरोबरचं रोजचं हसू : तुमचे अनुभव लिहा

आमचा मैत्रिणींचा गट जमला तो ऑर्कुटवर. तान्ह्या बाळांच्या आयांची एक कम्युनिटी होती. रात्री-अपरात्री जागणाऱ्या आम्ही काही जणी एकमेकींच्या स्क्रॅपबुकात लिहू लागलो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तोवर आम्ही सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलो होतो. ती बाळं आता कॉलेजात जातात. आमच्यातल्या निम्म्या जणी अजून एकमेकींना समोरासमोर भेटलेल्या नाहीत, पण कोणाकडे दूध उतू गेलं, कोणाच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोंबडा शिरला, हे त्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

आमचा एकच नियम आहे. फॉरवर्ड चालत नाही. सकाळची फुलं नकोत, सुविचार नकोत, आयता विनोदही नको. जे काही हसू आलं असेल ते आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं, आपल्या शब्दांत लिहायचं. नवीन कोणी आली की सुरुवातीला आयते विनोद टाकते. तिला कोणी रागवत नाही. फक्त विचारतो, "ते राहू दे, आज भाजी कुठली केलीस?" आणि तिथून ती आपली होते.

आयत्या विनोदावर माणूस हसतो आणि पुढे जातो. त्या कोंबड्याचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र मैत्रीण दुसऱ्या दिवशी परत येते. माझ्या मते ऑनलाइन मैत्री टिकते ती एवढ्यावरच. (कोंबडा तिसऱ्या मजल्यावर उतरला. मालक काही सापडला नाही, तेव्हापासून तो वॉचमनकाकांकडे असतो.)

तर मंडळी, कधी न भेटलेल्या किंवा फार उशिरा भेटलेल्या तुमच्या दोस्तांबरोबर तुम्ही रोज कशावर हसता? मोठं काही नको. घरातलंच लिहा.

कॅलगरीहून

मी मूळची नागपूरची. इथे जानेवारीत कधी कधी बाहेर उणे तीस असतं आणि इडलीचं पीठ फुगवणं हा घरातला सगळ्यात गंभीर प्रश्न असतो. ओव्हन तापवायचा नाही, फक्त आतला दिवा लावून ठेवायचा आणि पातेलं रात्रभर आत सरकवायचं. माझी एक मैत्रीण नागपुरातच राहते. आम्ही एकाच शहरात वाढलो, पण ओळख झाली ती मी इकडे आल्यावर, कुंड्यांमधल्या भाज्यांच्या एका गटात. तिच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश. सकाळी वाटलेलं पीठ दुपारच्या जेवणापर्यंत भांड्याबाहेर!

तिच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात माझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. त्या वेळेला आमचं पिठाचं बुलेटिन असतं. तिच्या थंडीतसुद्धा तिचं पीठ माझ्या पिठाच्या आधी फुगतं आणि ती फोटोवर लिहिते, "घे, आलं बाप्पा वर."

एकदा नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन तापायला लावला. आत पातेलं आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. आम्हाला वास आला तोवर पिठाचा एक जाडजूड, वरून तांबूस, आतून लुसलुशीत गोळा झाला होता. मी रडवेली होऊन फोटो पाठवला. तिकडून दोन मिनिटं काहीच नाही, मग तिचा आवाज आला, हसून हसून दम लागलेला : "वड्या पाड, मोहरी-हिंगाची फोडणी दे, वरून कोथिंबीर पेर आन् ढोकळा म्हणून वाढ नं!" तसंच वाढलं. शेजारच्या पंजाबी बाईंनी कृती मागितली. आमच्या बुलेटिनमध्ये त्या पदार्थाचं नाव अजून 'जावईबापूंचा ढोकळा' आहे.

मंगळवेढ्याहून

आमचं रान काळं, कोरडवाहू. रब्बीला मालदांडी ज्वारी. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कणसं हुरड्यात आली की पाखरांना ते आमच्याआधी कळतं. दिवसभर गोफण घेऊन राखण करावी लागते. लॉकडाऊनच्या टायमाला त्याच राखणीत फोनवर लुडो खेळायचा नाद लागला आणि तिथं दोस्त भेटले. एक ठाण्याचे, बँकेत आहेत. एक नांदेडची कॉलेजला जाणारी पोरगी, मला दादा म्हणते. आणि एक आपलाच माणूस, पण मस्कतला क्रेन चालवतो. लुडो कधीच सुटला, गप्पा राहिल्या.

आमच्या बुजगावण्याला दर साली काय घालायचं, हे ही तिघं ठरवतात. एका साली ठाणेकर साहेबांनी स्वतःचा जुना कोट आणि टाय कुरियरने पाठवला. नांदेडच्या पोरीने टायची गाठ कशी मारायची त्याचा व्हिडिओ धाडला. बांधावर उभं केलं तर काय रुबाब! डोक्याला मडकं, मडक्यावर चष्मा काढलेला. फोटो टाकला, तर मस्कतचा म्हणाला, "आमच्या मॅनेजरपेक्षा बरा दिसतो, याला इकडे पाठव."

दोन दिवसांनी दिवेलागणीला गावातले एक म्हातारे आबा आमच्या दारात आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "तुमच्याकडं कोण पाव्हणा आलाय? मी रस्त्यानं येताना दोनदा राम राम घातला, त्यानं मान बी हलवली न्हाई. लई शिष्ट माणूस हाय." माझ्या आईने त्यांना आधी चहा दिला, मग खरं सांगितलं. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन ते मुद्दाम बघायला गेले आणि कोटाच्या वरच्या खिशात एक पेन लावून आले.

हे सगळं मी रात्री सविस्तर सांगितलं. मस्कतच्या दोस्ताची तेव्हा रात्रपाळी होती. त्याने सांगितलं, की क्रेनच्या केबिनमध्ये तो एकटाच हसत बसला आणि खालच्या माणसांनी वॉकीटॉकीवर विचारलं, काय झालं? मग त्याने त्यांना मोडक्यातोडक्या अरबीत आबांची गोष्ट सांगितली. आमच्या आबांना सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला. ते आता गावात सांगतात, "माझी गोष्ट मस्कतला गेलीया."

राजापूरहून

दादा, तुमच्या साहेबांना आमच्याकडे पाठवू नका. आमच्या माकडांनी त्यांचा टाय काढून घेतला असता. एप्रिल-मेमध्ये आई अंगणात फणसाचे पापड वाळत घालते आणि मी खुर्ची टाकून राखणीला बसते. पुण्यातल्या दोन मैत्रिणींना तिथूनच समालोचन देते : "कौलांवरून हालचाल. पुढे एक पिल्लू, मागे तीन मोठे. पिल्लाने पापड उचलला, चाटला, परत जागेवर ठेवला." त्या दोघी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतात आणि हळूच लिहितात, "मोजून सांग, किती उरले?"

पुण्याहून, वय ७४

लॉकडाऊनमध्ये नातीने मला अथर्वशीर्षाच्या ऑनलाइन वर्गाला बसवून दिलं. कोणालाच आवाज बंद करता येत नव्हता. प्रत्येकीची लय वेगळी, एकीचं 'नमस्ते गणपतये' संपायचं तेव्हा दुसरीचं सुरू व्हायचं. मधे कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल. एक दिवस पठण अगदी रंगात आलं असताना कोणाच्या तरी यजमानांचा खणखणीत आवाज आला, "अगं ए, माझा टॉवेल कुठं ठेवलायस?" सगळ्या एकदम गप्प. आमच्या गुरुजींनी अतिशय शांतपणे सांगितलं, "ज्यांचा टॉवेल सापडत नसेल त्यांनी कृपया माइक बंद करावा." आणि मग जो हशा उसळला! तेवढा त्या महिन्यांत कुठे ऐकला नव्हता. बाहेर सगळंच भीतीचं होतं.

तो टॉवेल इंदूरचा निघाला. त्या बाई इंदूरच्याच, मराठी, तीन पिढ्या तिकडे. संध्याकाळी त्यांनी मला निरोप पाठवला, "ताई, टॉवेल दोरीवरच होता हो." तेव्हापासून आमचं सुरू आहे. आधी 'अहो ताई', आता सरळ 'अगं'. रविवारी सकाळी तिच्या पोह्यांचा फोटो येतो, वर जिरावन मसाला आणि शेव, बाजूला जिलबी. मी तिला म्हणते, पोह्यांवर ओलं खोबरं हवं. ती म्हणते, या जन्मी नाही.

माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला व्यायामाचा फार कंटाळा यायचा. ती फोन लावून ठेवायची आणि आकडे मोजायची. "सात, आठ, अगं आमच्या खालच्या वहिनींनी काय केलं माहिती आहे का…" असं म्हणत गोष्ट सांगायची आणि पुन्हा पाचपासून मोजायची. मला कळायचं, पण वहिनींचं काय झालं ते ऐकायचं असायचं ना! पाय वर-खाली होत राहायचा. आज मी जिने चढते.

नाशिकहून

मला दिसत नाही. फोन मला सगळं वाचून दाखवतो, इमोजीसुद्धा. आमच्या जुन्या गाण्यांच्या गटात मी एकदा एक किस्सा सांगितला. त्यावर एका मित्राने हसरे चेहरे ओळीने लावून पाठवले आणि माझा फोन एकाच सुरात 'हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा' असं म्हणतच राहिला. मी तेव्हा बँकेच्या रांगेत होतो आणि हेडफोन नव्हता. आख्खी रांग हसायला लागली. मी ते रेकॉर्ड करून गटात टाकलं. तेव्हापासून कोणी चेहरे पाठवत नाही. सगळे खरंखुरं हसून आवाज पाठवतात. त्यामुळे कोण कसं हसतं हे मला नेमकं माहीत आहे. साताऱ्याचे काका आधी श्वास ओढतात, मग हसतात. अकोल्याची ताई हसताना टेबलावर हात आपटते.

छत्रपती संभाजीनगरहून

माझी गोष्ट एसेमेसच्या काळातली. याहूच्या चॅटरूममध्ये बेळगावचा एक मित्र मिळाला. दोघंही हॉस्टेलवर. इंग्रजी लिपीत लिहिलं तर एका एसेमेसात १६० अक्षरं बसायची, देवनागरीत फक्त ७०. म्हणून सगळं मराठी रोमन लिपीत. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला एसेमेसचा स्वस्त पॅक चालायचा नाही, पूर्ण पैसे कापले जायचे, त्यामुळे खास विनोद आदल्या रात्री पाठवून द्यायचे. एका दिवाळीत त्याने हॉस्टेलच्या मेसमधल्या आचाऱ्याचा किस्सा सुरू केला आणि त्याचा बॅलन्स संपला. पहिला भाग आला, दुसरा आलाच नाही. पुढे माझा फोन चोरीला गेला, नंबर गेला, मग नोकऱ्या, लग्नं.

पुष्कळ वर्षांनी त्याने मला फेसबुकवर शोधून काढलं. त्याच्या बहिणीच्या लग्नाला बेळगावला गेलो. स्टँडवर उतरलो तर समोर हातात कुंद्याचा डबा घेऊन एक टक्कल पडलेला माणूस उभा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "तर मग त्या आचाऱ्याने आमटीत हात घातला…"

मिरजेहून

बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. रात्री मी त्यांच्याजवळ बसायचे. आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांच्या एका गटात न्यूजर्सीची एक मैत्रीण होती. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझी रात्र तिची दुपार-संध्याकाळ. औषधांचं बोलून झालं की ती तिच्या मागच्या अंगणातल्या रॅकूनचं सांगायची. मांजरापेक्षा मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला तो प्राणी रोज तिच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायचा. तिने झाकणावर वीट ठेवली. त्याने ती ढकलली. दोन विटा ठेवल्या. त्याने जोडीदार आणला.

हे व्हिडिओ मी बाबांना दाखवायचे. ते टक लावून बघायचे, बाकी काही नाही. एका रात्री त्या रॅकूनने विटा पाडल्या, डब्यातून पोळी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्याकडे बघत खाल्ली. बाबांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग कळलं, ते हसत आहेत. त्यांनी डावं बोट फोनकडे केलं आणि म्हणाले, "चोर."

आजारानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. मी तो लगेच तिला कळवला आणि आम्ही दोघी फोनवर रडत-हसत राहिलो. त्यानंतर तिने झाकणावर कधीच वीट ठेवली नाही. उलट रोज एक पोळी बाहेर ठेवायची आणि व्हिडिओ पाठवायची. बाबा आता थोडं थोडं बोलतात. चहाच्या वेळी अजून विचारतात, "चोर आला?"

डोंबिवलीहून

माझी एक मैत्रीण स्टुटगार्टला आहे. तिचं माहेर डोंबिवली. ती एकदा म्हणाली, "मला काही नको, मला लेडीज डब्याचा आवाज पाठव." मी पाठवला. 'पुढील स्टेशन ठाणे', तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून चाललेली बोलाचाली, क्लिपा विकणाऱ्या मावशींचं "दस का दो, दस का दो". तिने उत्तरादाखल तिच्या ट्रेनचा आवाज पाठवला. मी तो स्पीकरवर लावला, आमच्या सगळ्या जणी कान देऊन ऐकत होत्या. पूर्ण शांतता. कोणी खोकतसुद्धा नाही. शेवटी एक बारीकसा 'फ्छी'. मी विचारलं, कोण शिंकलं? ती म्हणाली, समोरच्या बाईचा कुत्रा. इथे कुत्री ट्रेनमधून येतात.

आमच्या डब्यात त्यावर मुलुंड येईपर्यंत चर्चा चालली. त्याला तिकीट लागतं का, तो खिडकीशी बसतो का, उतरायच्या आधी दारात उभा राहतो का. मावशींनी टोपलीतून एक लाल बो काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला पाठव, त्या कुत्र्याला लावायला सांग." बो गेला आहे. ते कुत्र्याचं जोडपं तिला पुन्हा कधी भेटतंय याची ती वाट बघते आहे, म्हणजे ती बाई आणि तिचा कुत्रा. रोज सकाळी आठच्या गाडीत चढले की मावशींचा पहिला प्रश्न तोच असतो.