कुवेतच्या शाळांचा छज्जा म्हापशात किती?

बार्देसचा आराखडा: म्हापशात सहा वर्गांची शाळा आखायची आहे. नमुना म्हणून 1950 च्या आसपासच्या कुवेत-इजिप्तमधल्या शाळा समोर आहेत: खोल छज्जे, काँक्रीटची जाळी, छतावरून वारा खाली ओढणारा मनोरा, म्हणजे मलकफ. दक्षिणेच्या खिडक्या 1.5 मीटर उंच. छज्जा किती काढू? बाकीचं जसंच्या तसं चालेल?

चिरेबंदी: छज्जा अक्षांशावर ठरतो. खिडकीची उंची भागिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन. विषुवदिनी दुपारी कुवेतला (29.4°) सूर्य 60.6° वर, म्हणजे छज्जा 85 सेंमी. म्हापशात (15.6°) तो 74.4° वर, त्यामुळे 42 सेंमी पुरे. डिसेंबरात मात्र इथं सूर्य 51° वरच थांबतो. तेव्हाचं ऊनही अडवायचं तर 1.2 मीटर.

पण आपल्याकडे छज्जा ऊन नव्हे, पाऊस ठरवतो. वाऱ्याबरोबर सर 45° नी आली तर त्याच खिडकीला 1.5 मीटर लागेल. एवढा छज्जा काढण्यापेक्षा दक्षिणेला 2 मीटरची पडवी काढा. वर्गात काळोख होईल, म्हणून उत्तरेला मोठ्या खिडक्या हव्यातच.

ओलसर_हवा: मलकफ विसरा. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतहींनी 1940 च्या दशकात तिथल्या गुर्ना गावच्या शाळेत मलकफात ओल्या कोळशाचा थर ठेवला होता. हवा 10 अंशांनी उतरली, कारण तिथली हवा कोरडी; पाणी उडतं आणि थंडावा येतो. आपल्या जून-जुलैत हवेला आणखी पाणी पेलवतच नाही. शिवाय मलकफाच्या तोंडातून पाऊस आत, आणि भिंतीला बुरशी. समोरासमोर खिडक्या आणि छताखाली झरोके, एवढं बस.

गंज_मोजणारा: जाळीत लोक फसतात ते इथं. किनारपट्टीच्या हवेत सळईवर आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे 45 मिमी काँक्रीट हवं. 40 मिमी जाडीच्या पट्टीत ते बसणार कसं? काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. जाळी सळईशिवाय, भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांची करा; भार वरच्या लिंटेलवर (आडव्या तुळईवर) द्या.

बार्देसचा आराखडा: मग पश्चिमेला जाळी ठेवली तर?

चिरेबंदी: तिथं ऊन आडवं येतं, छज्जा निरुपयोगी. उभ्या पट्ट्या चालतील, पण त्यापेक्षा जिना, मुताऱ्या आणि सामानाची खोली पश्चिमेला टाका.