शाळेतल्या वर्गमित्राशी पुनर्विवाह ठरला आहे : सासूबाईंना कसे सांगावे आणि त्यांच्या राहण्याचे काय करावे?

नमस्कार.

मी ५७ वर्षांची असून पुण्यात राहते आणि एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. माझे यजमान २०१७ साली हृदयविकाराने गेले. येत्या काही महिन्यांत मी माझ्या शाळेतल्या एका वर्गमित्राशी पुनर्विवाह करणार आहे. लग्न करावे की करू नये हा प्रश्न आम्हा दोघांपुरता सुटलेला आहे, त्यामुळे त्यावर मी सल्ला मागत नाही. मला मदत हवी आहे ती माझ्या सासूबाईंच्या बाबतीत. त्या ८४ वर्षांच्या आहेत, माझ्याजवळ राहतात आणि त्यांना यातले अजून काहीही सांगितलेले नाही.

थोडी पार्श्वभूमी देते. आम्ही दोघे वाईचे. १९८४ साली दहावी झालो. त्या वेळी वर्गात मुलामुलींच्या रांगा वेगळ्या असत, आणि वही हवी असली तरी ती कोणाच्या तरी धाकट्या बहिणीच्या हाती मागवावी लागे. तरीही आमच्यात जे होते ते दोघांनाही नीट कळत होते. ते गंगापुरीत राहत आणि आम्ही मधल्या आळीत. माघ-फाल्गुनात घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की घरची सगळी मंडळी कीर्तनाला जात, आणि बायकांच्या बाजूला आईजवळ बसून मी समोरच्या गर्दीत त्यांनाच शोधत असे. निकालानंतर वडिलांची बदली अकोल्याला झाली. काही दिवस पत्रे आली, मग त्यातले एक वडिलांच्या हाती पडले आणि तो विषय तिथेच बंद झाला. पुढे रीतसर स्थळ पाहून माझे लग्न झाले आणि तो संसार चांगला झाला. हे मुद्दाम लिहिते, कारण इतकी वर्षे मी मनात दुसरेच कोणी धरून बसले होते असा समज कोणाचा होऊ नये. तसे नव्हते.

दहावीला चाळीस वर्षे झाली म्हणून गेल्या वर्षी आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा वाईलाच भरला. आमच्या वर्गशिक्षिका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवून पूर्वीसारखी हजेरी घेतली. माझ्या या वर्गमित्रांचे नाव पुकारले गेले तेव्हा ‘हजर’ असे उत्तर आले नाही. बाईंनी दुसऱ्यांदा पुकारले, तेव्हा शेजारच्याने त्यांना कोपराने खुणावले. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे मला त्या वेळी कळले. जेवणाच्या पंगतीत ते मला डाव्या हाताला बसण्याची विनंती करून अगदी सरळपणे म्हणाले, “या बाजूने बोललीस तर सगळे ऐकू येईल.” त्यांच्या पत्नी दीर्घ आजाराने काही वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. ते स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन वाईजवळ हळदीची शेती पाहतात. त्या दिवशी आम्ही प्रामुख्याने बोललो ते आजारपणांबद्दल. त्यांनी पत्नीचे शेवटचे वर्ष सांगितले आणि मी आमच्याकडची ती रात्र सांगितली. इतक्या सविस्तरपणे ती मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

त्यानंतर फोन सुरू झाले, भेटी झाल्या, आणि विचार पक्का होत गेला. माझी मुलगी ठाण्याला असते. तिला मी सर्वांत आधी सांगितले. ती रडली, मग त्यांना भेटली आणि आता आमच्या बाजूने आहे. त्यांच्या मुलाचाही विरोध नाही. मात्र वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आमची छायाचित्रे बदामाच्या चित्रांसह फिरू लागली, आणि ती नाशिकला राहणाऱ्या माझ्या नणंदेपर्यंत कोणीतरी पोहोचवली. गटाच्या प्रमुखांना सांगून मी ती काढायला लावली. हौसेने केलेल्या थट्टेचा दुसऱ्याच्या घरात काय परिणाम होतो, याचा विचार अशा मेळाव्यांनंतर प्रत्येकाने करावा असे मला मनापासून वाटते. नणंदेने फोन करून एकच प्रश्न विचारला : “आईला वृद्धाश्रमात ठेवणार आहेस का?” मी ‘नाही’ म्हणाले. पण मग काय करणार आहे, हे मला तिला सांगता आले नाही, आणि तोच माझा खरा प्रश्न आहे.

सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. मी नोकरी करू शकले ती त्यांच्यामुळे. मुलगी लहान असताना तिचे सगळे त्यांनी केले. यजमान गेल्यावर, स्वतःचा एकुलता एक मुलगा गमावलेल्या या बाईने तेराव्या दिवसानंतर मला कामावर पाठवले आणि मी घरी येईपर्यंत रोज कुकर लावून ठेवला. आता त्यांच्या गुडघ्यांनी हार मानली आहे, मधुमेह आहे, डोळ्यांचे औषध दिवसातून तीन वेळा घालावे लागते. परवा रात्री गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरताना त्या वर न पाहता म्हणाल्या, “वाईहून फोन होता का?” मी ‘हो’ म्हणाले. त्या म्हणाल्या, “गुरुवारची पांढरी गोळी संपत आलीय, आठवणीने आण.” यापलीकडे एक शब्द नाही. त्यांना माहीत आहे, की केवळ अंदाज आहे, की माझ्या तोंडून येण्याची त्या वाट पाहत आहेत, हे मला समजत नाही.

अडचणी अशा आहेत. वर्गमित्र शेती सोडून पुण्यात कायमचे येऊ शकत नाहीत. मी दीड वर्षात निवृत्त होईन आणि त्यानंतर वाईला जाऊ शकते. परंतु सासूबाईंचे डॉक्टर, त्यांच्या शेजारणी, संध्याकाळी बाकावर बसणारी त्यांची मैत्रीण, हे सगळे पुण्यात आहे. वर्गमित्र स्वतः म्हणतात की आईंना वाईला आणू, घर तळमजल्यावर आहे आणि खोली मोकळी आहे. त्यांच्या या म्हणण्यात मला कुठेही उपकाराचा सूर दिसला नाही. तरीसुद्धा मुलाच्या जागी आलेल्या माणसाच्या घरात ८४ व्या वर्षी जाऊन राहणे त्यांना कसे वाटेल, याची कल्पना करताना माझा धीर होत नाही.

दुसरा प्रश्न घराचा. आमची सदनिका यजमानांच्या नावावर होती आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. सोसायटीत नामनिर्देशन माझे असल्यामुळे भागदाखला माझ्या नावावर झाला. नात्यातले एक गृहस्थ सांगतात की पुनर्विवाह केल्यास माझा हक्क जातो. दुसरे सांगतात की नामनिर्देशन असल्यामुळे सगळे माझेच आहे. शिवाय यजमानांच्या कारखान्यातील नोकरीमुळे मला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून विधवा निवृत्तिवेतन मिळते, ते लग्नानंतर बंद होईल हे मला ठाऊक आहे. ते चालू राहावे म्हणून लग्न न करता एकत्र राहा, असा सल्ला दोघांतिघांनी दिला. तो मार्ग ज्यांनी निवडला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु दरवर्षी पुनर्विवाह केलेला नाही असे लिहून द्यायचे आणि सासूबाईंसमोर त्या माणसाचे नाते काय सांगायचे याचा विचार करत बसायचे, हे मला नको आहे.

तर ज्यांनी स्वतः किंवा जवळच्या कोणी असा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे : सासूबाईंशी हे कसे आणि कोणत्या क्रमाने बोलावे? पुनर्विवाहानंतर आधीच्या सासूबाई सुनेजवळच राहिल्या आहेत असे घर कोणी पाहिले आहे का, आणि तिथे रोजच्या जगण्यात काय जमले, काय जमले नाही? घराबाबत जाणकारांनी लिहिले तर फार मदत होईल.

प्रतिसाद

ताई, मी काही वर्षे दिवाणी वकिलांकडे काम केले आहे, म्हणून घराचा भाग सांगतो. कागदपत्रे मात्र वकिलांना दाखवूनच पुढचे पाऊल टाका. पुनर्विवाहाने तुमचा हक्क जात नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात विधवेने लग्न केल्यास आधीच्या पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे, आणि लोकांच्या बोलण्यात अजून तेच टिकून आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पतीच्या मृत्यूच्या क्षणी तुम्हाला जो वाटा मिळाला तो पूर्णपणे तुमचा आहे. पण सगळे घर तुमचे, हेही बरोबर नाही. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गाच्या समान वारस आहेत, म्हणजे सदनिकेत सासूबाईंचा एक तृतीयांश वाटा आहे. त्या तुमच्या घरात आश्रित म्हणून राहत नाहीत, स्वतःच्या घरात राहतात. हे त्यांना स्पष्टपणे सांगावे असे मला वाटते. त्या वयात ही गोष्ट फार मोठी असते.

आणखी एक. लग्नानंतर तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तुमच्या वाट्यात मुलीबरोबर नवे पतीही वारस होतील, आणि त्यांच्या मिळकतीत त्यांच्या मुलाबरोबर तुम्ही. तेव्हा दोघांनीही लग्नाच्या आधीच मृत्युपत्रे करून ठेवावीत. हिंदूंच्या बाबतीत लग्नामुळे आधीचे मृत्युपत्र रद्द होत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. दोन साक्षीदार असे घ्यावेत ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. मुलीला घाईने बक्षीसपत्र मात्र करून देऊ नका, कारण एकदा दिलेले सहसा परत घेता येत नाही.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याकडे दिलेली नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींसाठी असतात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावे लागते. तीन साक्षीदार, आणि दोघांच्याही दिवंगत जोडीदारांचे मृत्यूचे दाखले लागतील. नोटीस फलकावर लागते हे लक्षात घेऊन, सासूबाईंशी बोलणे त्याआधी झाले पाहिजे.

जाता जाता : २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात सुनेवर जबाबदारी टाकलेली नाही. ती मुलीवर, म्हणजे तुमच्या नणंदेवर आहे.

प्रतिसाद

मी तुमच्या नणंदेच्या जागी होते. माझा भाऊ गेल्यानंतर वहिनीने पुनर्विवाह केला आणि आमची आई तिच्याजवळच राहिली. त्यामुळे हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते.

आईला आधी सांगा, आणि एकटीला सांगा. नणंदेला, दिराला, जावयाला बरोबर घेऊन बैठक बसवू नका. चार माणसे समोर बसली की म्हाताऱ्या माणसाला वाटते की सगळे ठरवून झाले आहे आणि आपल्याला फक्त निकाल सांगत आहेत. आमच्याकडे तसेच झाले होते आणि आई कितीतरी दिवस वहिनीशी नीट बोलली नाही. तिला लग्नाचा राग नव्हता. “माझ्या पलंगाचे काय करणार ते कोणीच सांगितले नाही,” असे तिने मला नंतर सांगितले. तेव्हा तिची खोली, तिचा देव, मुलाचा फोटो कुठे राहणार, हे पहिल्याच बोलण्यात सांगा.

त्यांना लगेच वाईला नेऊ नका. तुमच्या निवृत्तीपर्यंत वर्गमित्रांनीच शेतीच्या कामांप्रमाणे येऊन-जाऊन राहावे. पहिल्यांदा त्यांनी केवळ जेवायला यावे. आमच्या आईला नव्या माणसाची सवय झाली ती तो तिला दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ लागल्यावर. जमले नाही ते पाहुण्यांचे. त्याच्याकडचे लोक आले की आई खोलीतून बाहेर येत नसे, आणि तिची ओळख कशी करून द्यावी हे कोणालाच सुचत नसे. ते तुम्ही आधीच ठरवा. मला विचाराल तर सरळ ‘या माझ्या सासूबाई’ म्हणावे.

आणि नणंदेचा राग धरू नका. तो प्रश्न तिने भीतीने विचारला असेल. मीही विचारला होता.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सदनिकेत सासूबाईंचा वाटा आहे ही गोष्ट इतक्या वर्षांत आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, आणि ती कळल्यावर मला हलके वाटले. २००७ च्या कायद्याबद्दलची माहिती उपयुक्त आहे, पण नणंदेपुढे मी ती काढणार नाही. जबाबदारी कोणाची हे मला कायद्याने ठरवून घ्यायचे नाही. त्या माझ्याजवळ राहाव्यात ही माझी इच्छा आहे.

वर्गमित्रांशी कालच बोलले. निवृत्तीपर्यंत त्यांनी ये-जा करावी हे त्यांना मान्य आहे, आणि हळदीची काढणी व शिजवणी आटोपेपर्यंत त्यांना सलग येता येणार नाही हे मलाही मान्य आहे. दिवाळीला नणंद येण्याच्या आधी, या रविवारी मी सासूबाईंशी बोलेन. पलंगाचे आणि फोटोचे आधी सांगेन.

वकिलांकडे काम केलेल्या सदस्यांना एक विचारायचे आहे. सासूबाईंनी आपला एक तृतीयांश वाटा नणंदेला द्यायचे ठरवले, तर तो त्यांनी मृत्युपत्राने द्यावा की हयातीतच हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करावे? त्यांचा त्या घरातला राहण्याचा हक्क शेवटपर्यंत अबाधित राहील अशी तरतूद कोणत्या कागदात अधिक पक्की होते? त्यांना चालता येत नसल्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातील अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात का, हेही कळवावे.