विधेयक मांडल्यानंतर किमान सात दिवस थांबावे का?

कृष्णाकाठ, सांगली (धागा मांडणारे)

महाराष्ट्र विधानमंडळाच्या कार्यपद्धतीत एक बदल व्हावा असे माझे मत आहे, आणि सांगली-साताऱ्यातील वाचकांनी त्यावर आपली बाजू मांडावी म्हणून हा धागा सुरू करत आहे. कोणतेही शासकीय विधेयक सभागृहात मांडल्यापासून ते विचारात घेईपर्यंत सात पूर्ण दिवस जावेत, आणि त्या दिवसांत विधेयकाचा मराठी मसुदा कोणालाही वाचता यावा व त्यावर लेखी हरकत नोंदवता यावी, अशी माझी सूचना आहे. राज्याच्या निधीतून खर्चाची रक्कम काढण्यास मंजुरी देणाऱ्या विनियोजन विधेयकांना ही अट नको, कारण मागण्या मंजूर झाल्यावर त्यांतील रकमा बदलण्यास घटनेनेच वाव ठेवलेला नाही.

अधिवेशनातील एखाद्या दिवसाचे कामकाज सलग पाहिले, तर ही मागणी का करावीशी वाटते ते लक्षात येईल. प्रश्नोत्तराचा तास होतो, कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात, औचित्याचे मुद्दे येतात, त्यानंतर लक्षवेधी सूचनांवर मंत्र्यांची उत्तरे होतात. या सगळ्यात सदस्य हिरिरीने बोलतात आणि पत्रकार कक्षही भरलेला असतो. विधेयकांची पाळी येते तेव्हा बाके रिकामी होऊ लागलेली असतात. विधानसभेच्या २८८ सदस्यांपैकी एकदशांश, म्हणजे २९ सदस्य उपस्थित असले की गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालवण्यास लागणारी किमान उपस्थिती, होते. मंत्री प्रस्ताव मांडतात, एक-दोन सदस्य थोडक्यात बोलतात, अध्यक्षांच्या जागी बसलेले तालिका अध्यक्ष खंडांचे क्रमांक वाचत जातात, ‘होय’चे बहुमत असल्याचे जाहीर होते आणि विधेयक संमत होते. जमीन, सहकार, शिक्षण आणि नगरपालिका यांविषयीच्या ज्या तरतुदींवर पुढे कित्येक वर्षे तहसील कचेरीत आणि न्यायालयात वाद चालतात, त्यांतील अनेक तरतुदी अशा काही मिनिटांत कायद्यात गेलेल्या आहेत.

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चा न करता, एकमताने संमत केले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. त्यानंतर २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाचे विशेष अधिवेशन बोलावून १० टक्क्यांचे विधेयकही एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत संमत करण्यात आले. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात मी येथे काहीही लिहीत नाही. ज्या प्रश्नासाठी आपल्या भागातून लाखो माणसे रस्त्यावर उतरली, त्या प्रश्नावरील कायद्याचे एकेक कलम त्यांच्या प्रतिनिधींनी सभागृहात उलगडून पाहिले असते, तर त्या माणसांचा मान राखला गेला असता असे मला वाटते.

याउलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. गावातील मागेल त्या हाताला काम देण्याची त्यांची कल्पना साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूरला प्रत्यक्ष करून पाहिली गेली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली, तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्यामागे अनुभवाचा भक्कम आधार होता, म्हणून तो टिकला आणि पुढे देशाने तशीच हमी स्वीकारली.

अजिंक्यतारा, सातारा

दादा, तुमचा हेतू मला मान्य आहे, पण तुमच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या गावचे. ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, ते जादूटोणाविरोधी विधेयक विधानसभेने २००५ साली संमत केले होते, पण विधान परिषदेत ते अडकले. विधानसभा विसर्जित झाली की परिषदेत प्रलंबित राहिलेले असे विधेयक घटनेप्रमाणे व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हरकती मागवा, समिती नेमा, व्याख्या बदला, आणखी एक अधिवेशन जाऊ द्या, या क्रमात वर्षांमागून वर्षे गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला. त्याचे कायद्यात रूपांतर डिसेंबर २०१३ मध्ये झाले. जी गोष्ट चार दिवसांत होऊ शकत होती, ती त्यांच्या हयातीत झाली नाही.

थांबण्याचा लाभ कोणाला होतो, हा माझा प्रश्न आहे. सात दिवसांत विसापूरचा शेतमजूर मसुदा वाचून हरकत पाठवेल असे तुम्हाला वाटते. माझ्या अनुभवात हरकती पाठवतात ते संघटित आणि पैसेवाले लोक. ज्यांच्याकडे वकील आहेत आणि मुंबईला जाऊन मंत्रालयात बसून राहण्याची ऐपत आहे, ते या मुदतीचा पुरेपूर उपयोग करतात. ज्या बाईला भूत लागले म्हणून मारहाण होते, तिच्या वतीने एक ओळही लिहिली जात नाही.

दुसरी अडचण व्यावहारिक आहे. डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत चालले. सात पूर्ण दिवसांची अट असती, तर तिथे मांडलेले एकही विधेयक तिथे संमत झाले नसते. अशी अट घातली की सरकार सरळ अध्यादेशाची वाट धरेल. घटनेच्या २१३ व्या अनुच्छेदाखाली काढलेला अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे टिकतो, आणि तो अमलात येण्यापूर्वी कोणत्याही सदस्याला त्यावर एक शब्दही बोलता येत नाही. रिकाम्या बाकांसमोर संमत झालेले विधेयक वाईट असेल, पण सभागृहाला बाजूला ठेवून आलेला कायदा त्याहून वाईट आहे.

आणि आरक्षणाच्या उदाहरणाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकूण आरक्षणाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर आधारलेला होता. विधेयक सात दिवस पडून राहिले असते, तरी ती मर्यादा तेथेच राहिली असती.

कोर्टगल्ली, कराड

मी वकिली करतो, त्यामुळे हा वाद मला थोडा खालच्या पायरीवरून दिसतो. दिवस किती द्यावेत यापेक्षा त्या दिवसांत वाचणाऱ्याच्या हाती काय पडते, हे मला महत्त्वाचे वाटते.

विधानमंडळासमोर येणारी बरीच विधेयके सुधारणा विधेयके असतात. अमुक कलमाच्या पोटकलमातील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करावा, अशी त्यांची रचना असते. मूळ कलमाचा उतारा जोडलेला असतो, परंतु बदलानंतर ते कलम सलग कसे वाचायचे हे दिलेले नसते. वर्षानुवर्षे कायदा वाचणाऱ्या माणसालाही त्यासाठी दोन कागद समोरासमोर ठेवून बसावे लागते. मग आदल्या रात्री प्रत मिळालेल्या आमदाराने सकाळी त्यावर उपसूचना द्यावी, ही अपेक्षा कशी पुरी होणार?

त्याहून गंभीर गोष्ट विधेयकाच्या शेवटच्या पानांवर असते आणि तिच्याकडे फारच थोडे सदस्य वळतात. उद्देश व कारणे यांच्या निवेदनानंतर वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन येते. कोणत्या खंडान्वये कोणते नियम करण्याचा अधिकार शासनाला मिळणार आहे, हे त्यात लिहिलेले असते. शुल्क किती, अर्जाची मुदत किती, अपील कोणाकडे, सूट कोणाला, हे सगळे पुढे नियमांत ठरते आणि माझ्याकडे येणाऱ्या पक्षकाराचे भवितव्य बहुतेक वेळा या तपशिलावरच अवलंबून असते. हे नियम सभागृहासमोर ठेवण्याची तरतूद कायद्यात असते व ते बदलण्याचा अधिकारही सभागृहांना असतो. तो वापरल्याचे माझ्या पाहण्यात जवळपास नाही. दादांनी सात दिवस मागितले आहेत. मी त्याच्याबरोबर नियमांचा कच्चा मसुदाही मागेन, कारण त्याच्याशिवाय नागरिकाला विधेयकाचा अर्धाच भाग वाचायला मिळतो.

समितीने सगळे सुधारते, असेही मी म्हणणार नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आले, संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. बेकायदा कृत्ये करणाऱ्या संघटनांविरुद्धचे जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले आणि विधानसभेच्या मुदतीबरोबर संपले. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. त्यानंतर विधेयकाच्या विस्तृत शीर्षकात व उद्देशात बदल होऊन त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांकडे वळवण्यात आला, आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत व दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत ते संमत झाले. त्यातील व्याख्या अजूनही सैल आहेत, असे माझे मत आहे. तरीही पहिला मसुदा आणि संमत झालेला मसुदा यांत जो फरक पडला, तो लोकांनी लिहिल्यामुळे पडला. म्हणून ताईंचे ‘हरकती फक्त पैसेवाले पाठवतात’ हे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. त्या बारा हजारांत आमच्याकडच्या कामगार आणि शेतकरी कार्यकर्त्यांनी पोस्टाने पाठवलेली साधी पत्रेही होती.

खानापूर घाट, विटा

लक्षवेधीला वेळ जातो म्हणून इथे जो सूर लागला आहे, तो मला मान्य नाही. आमच्या तालुक्यातील माणसाने आमदाराला टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचे काय झाले हे विचारायचे असते आणि त्याचे उत्तर मंत्र्याकडून सभागृहात नोंदवून घेण्याचे हत्यार लक्षवेधी हेच आहे. निवडणुकीत कोणत्याही गावात ‘अमुक विधेयकावर तुम्ही काय बोललात?’ असा प्रश्न मी ऐकलेला नाही. आपण मतदार म्हणून जे विचारतो, त्यालाच आमदार वेळ देतो. वाचन, मसुदा, हरकत या सगळ्याची सुरुवात ग्रामसभेत विधेयकाची प्रत लावण्यापासून व्हायला हवी, आणि त्याला विधानमंडळाच्या नियमांत कोणताही बदल करावा लागत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, दाभोलकरांविषयी तुम्ही लिहिलेले वाचून माझ्याजवळ प्रत्युत्तर असे काही राहत नाही, आणि ते देण्याची इच्छाही नाही. परंतु त्या विधेयकाला जे झाले ते सात दिवसांमुळे झाले का, याचा विचार करावा. ते अडले ते कोणतीही मुदत नसल्यामुळे. विचारार्थ कधी घ्यायचे, समितीने कधी परतायचे, परिषदेने किती काळ थांबवायचे, यांपैकी काहीही बांधलेले नव्हते. विधानसभेने एकदा संमत केलेल्या साध्या विधेयकाला परिषद आधी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना रोखू शकते, त्यानंतर विधानसभेचा शब्द अंतिम ठरतो, असे अनुच्छेद १९७ सांगतो. २००५ नंतरच्या सरकारांनी हा मार्ग का वापरला नाही, हा प्रश्न त्यांना विचारला गेला पाहिजे. त्याचा दोष मसुदा वाचू पाहणाऱ्या नागरिकाकडे येऊ नये.

नागपूरच्या सहा दिवसांची अडचण खरी आहे. तिला उपाय आहे. अधिवेशनाची तारीख आधीच ठरलेली असते, म्हणून विधेयकाचा मसुदा अधिवेशनापूर्वी राजपत्रात आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा आणि सात दिवस तेव्हापासून मोजावेत. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत आणि तेथे विधेयके तपासणीसाठी त्यांच्याकडे जातात. त्या राज्याचा कारभार त्यामुळे थांबलेला नाही.

आरक्षणाच्या निकालाविषयीही एक गोष्ट स्पष्ट करतो. चर्चेमुळे ५० टक्क्यांची मर्यादा हटली नसती, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण ती मर्यादा आपण कोणत्या आधारावर ओलांडत आहोत, हा प्रश्न एका तरी सदस्याने सभागृहात विचारला असता आणि सरकारला त्याचे उत्तर कामकाजाच्या नोंदीत द्यावे लागले असते. लोकांना अडीच वर्षांनी न्यायालयात जे कळले, ते त्याच दिवशी कळले असते. वकीलसाहेबांची नियमांच्या मसुद्याची मागणी मी माझ्या सूचनेत जोडून घेतो. विट्याच्या मित्रांची ग्रामसभेची कल्पनाही मला मनापासून आवडली, मात्र प्रत लावायला आधी ती वेळेत निघावी लागते.

अजिंक्यतारा, सातारा

मसुदा अधिवेशनाआधी प्रसिद्ध करण्याची दुरुस्ती केल्यामुळे माझा नागपूरचा आक्षेप उरत नाही. अध्यादेशाचा उरतो. तातडीच्या विधेयकाला सूट द्यावीच लागेल आणि तातडी कोणती हे सरकारच ठरवणार असेल, तर प्रत्येक विधेयक तातडीचे ठरेल. म्हणून सूट देण्याचा निर्णय सभागृहाच्या कामाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीत व्हावा, त्याला विरोधी पक्षनेत्याचे मत लेखी जोडलेले असावे आणि ते मतही विधेयकाबरोबर सभागृहात वाचले जावे.

माझी मुख्य अट मात्र वेगळी आहे. तुम्ही किमान मुदत मागत आहात, मला तिच्याबरोबर कमाल मुदतही हवी आहे. समितीकडे गेलेले विधेयक पुढील अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत परत आले नाही, तर ते मूळ स्वरूपात आपोआप सभागृहासमोर यावे आणि त्यावर आवाजी मतदान न घेता मतविभागणी व्हावी, म्हणजे कोणी थांबवले आणि कोणी पुढे नेले याची नावे नोंदली जातील. ही अट सूचनेत लिहिली गेली, तर माझा विरोध मी मागे घेईन. ती नसेल, तर सात दिवसांच्या नियमाला मी शेवटपर्यंत विरोध करीन.