मदत हवी आहे: गावच्या नाटकातून कॅमेऱ्यासमोर जायचंय, सुरुवात कुठून करू? (गोवा)

नमस्कार मंडळी. मी २२ वर्षांची, साखळीजवळच्या गावात राहते, बीकॉम झालंय आणि सध्या पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मला अभिनय शिकायचाय, नुसती हौस म्हणून नाही, पुढे त्यावर पोट भरता येईल का ते बघायचंय. घरात या लाईनमधलं कोणीच नाही म्हणून इथे विचारतेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं. पूर्वी बायकांच्या भूमिकांसाठी बाहेरून नटी आणायचे, आता गावातल्याच मुली करतात, मीही बारावीपासून करतेय. ऐतिहासिक, सामाजिक, सगळं केलं. तालमी रात्री जेवणं आटपल्यावर. त्या स्टेजनेच मला उभं राहायला शिकवलं, त्याला कोणी कमी लेखलेलं मला खपत नाही. पण तिथलं तंत्र वेगळं आहे हेही खरं. वरून माईक टांगलेले असतात, आपलं वाक्य जवळ आलं की चालता चालता माईकखाली पोचायचं, तोंड लोकांकडे ठेवायचं आणि अगदी मागे चटईवर बसलेल्या आजीला ऐकू जाईल असं बोलायचं. समोरचा नट माझा नवरा असला तरी आम्ही दोघं बोलतो प्रेक्षकांकडे बघून. आणि एक कान कायम विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे.

तर मध्यंतरी पणजीत एका वेब सिरीजच्या ऑडिशनला गेले. अर्धं पान हातात दिलं, सीन एवढाच की आईला फोन करून नोकरी गेल्याचं सांगायचं. मी केलं, तर ऑडिशन घेणारा दादा शांतपणे म्हणाला, छान आहे पण तू आईशी बोलत नाहीस, हॉलशी बोलतेस. मग आवाज खाली आणून परत केलं तर त्यातला जीवच गेला, नुसतं पुटपुटणं झालं. माझा मुख्य प्रश्न हाच आहे, आवाज लहान करताना आतलं लहान होऊ नये हे कसं शिकतात आणि गोव्यात राहून शिकता येतं का? की सरळ पुण्या-मुंबईला जावं? पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा दोन वर्षांचा कोर्स, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, दिल्लीचं एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळ्यांची नावं ऐकून आहे पण नोकरी सोडायची तर बाबांना काहीतरी ठोस सांगावं लागेल. शिवाय बोलताना माझा कोकणी हेल लागतो, तो घालवावा का? आणि एका एजन्सीचा फोन आला होता, रजिस्ट्रेशन आणि फोटोंचे मिळून पंचवीस हजार भरा, काम नक्की म्हणे. भरू का?

प्रतिसाद, फोंड्याहून

बाय, आधी पैशांचं बोलतो. एक रुपया भरू नको. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो, ऑडिशन द्यायला नटाने पैसे मोजायचे नसतात, आणि काम नक्की असं आधीच सांगणाऱ्याचा तर फोनच घेऊ नको. फोटो घरीच काढ, उजेड समोरून, साधे कपडे, मेकअप नको, एक समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक.

आता तुझा मुख्य प्रश्न. दुसऱ्यांदा केलंस तेव्हा तुझं लक्ष स्वतःच्या आवाजावर गेलं आणि आई राहिली बाजूला, म्हणून ते पुटपुटणं झालं. आवाज किती लावायचा ते ऐकणारा ठरवतो. तोच सीन घरी असा कर. आईची उत्तरं तू स्वतः लिही, मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत बसव आणि खरोखर फोन लाव, ती आईची वाक्यं बोलेल. तिला एकदा सांग की मध्येच गप्प राहा, एकदा सांग की जेवलीस का विचार. तुझं वाक्य आपोआप बदलेल, कारण आता तुला समोरून काहीतरी येतंय. दुसऱ्या मोबाईलवर ते शूट कर, मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, आणि नंतर आवाज बंद करून बघ. चेहऱ्यावर काही घडतंय की नाही ते लगेच कळतं. हे रोज करता येतं आणि फुकट आहे.

हेल घालवू नको. प्रमाण बोली वेगळी शिकून घे, पण कोकणी, मराठी, हिंदी येतं हे ऑडिशनच्या परिचयात ठळक सांग, तो तुझा जोर आहे.

प्रतिसाद, मडगावहून

वरच्या दादांशी सहमत. कोर्सबद्दल एवढंच की नोकरी लगेच सोडू नकोस. एनएसडीचा कोर्स तीन वर्षांचा, त्याला पदवी लागते आणि किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं, म्हणून जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, फोटो आत्तापासून जपून ठेव, कुठली चालतील ते फॉर्म भरताना त्यांनाच विचार. एफटीआयआय छोटे कोर्सही घेतं, आधी तसला एखादा करून बघ, रजा टाकून जमेल.

पण त्याआधी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये शीर, महाराष्ट्र राज्य नाट्यस्पर्धेचं गोवा केंद्र आहे तिथेही आपले ग्रुप असतात. जत्रेच्या नाटकात दिग्दर्शक हालचाली बसवतो, इथे चांगला दिग्दर्शक असला तर हे वाक्य तू आत्ताच का बोललीस म्हणून तासभर अडवून धरतो. तुला नेमकं तेच हवंय. भूमिका नाही मिळाली तर बॅकस्टेज कर, तालमीला बसायला तर मिळतं. आणि नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीतच असतो, ऑफिस सुटल्यावर जा, क्लोजअपमध्ये नट काही न बोलता काय करतो तेवढंच बघ.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. फोनवाला सराव आज रात्रीच करते, मावसबहीण तयार आहे. अडचण आहे ती तालमींची, पणजीत रात्री उशीर झाला की साखळीकडे यायला बस नसते आणि बाबा रोज न्यायला येऊ शकत नाहीत.

प्रतिसाद, फोंड्याहून

मग पणजीचा हट्ट कशाला. साखळीत रवींद्र भवन आहे, स्पर्धेत कुठले ग्रुप उतरतात ते तिथे जाऊन विचार. डिचोली, सत्तरीकडची नाटकवेडी माणसं काही कमी नाहीत, तालमीहून एका गाडीने चारपाच जण परततात. पहिल्या दिवशी बाबांना सोबत घेऊन जा, माणसं बघितली की त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटेल.