ट्रिगर एक दिवस उशिरा दिल्याने स्त्रीबीजांचा दर्जा घसरतो का?

सत्तरीकर : चवथीनंतर आमचे आयव्हीएफचे (शरीराबाहेर बीजफलन करण्याच्या उपचाराचे) पहिले चक्र झाले. शुक्रवारच्या सोनोग्राफीत 3 फॉलिकल (अंडाशयातील बीज वाढणाऱ्या पिशव्या) 18 मिलिमीटरच्या पुढे गेलेले दिसले, त्यामुळे बीजे पिकवणारे ट्रिगर इंजेक्शन त्याच रात्री मिळेल असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तसे केल्यास बीजे रविवारी सकाळी काढावी लागली असती, आणि रविवारी त्या केंद्राची प्रयोगशाळा बंद असते. ट्रिगर शनिवारी रात्री दिला. 9 बीजे मिळाली, त्यांतील 5 परिपक्व होती, 2 भ्रूण झाले, एकही रुजला नाही. नंतर ‘बीजांचा दर्जाच कमी’ असे सांगण्यात आले. पत्नी 36 वर्षांची आहे हे मान्य. तरी तिच्या वयावर खापर फोडण्याआधी केंद्राने स्वतःचे वेळापत्रक तपासावे, असे माझे मत आहे.

म्हापशाची लॅबवाली : रविवारबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. तुम्ही परिपक्वता आणि दर्जा यांची गल्लत करत आहात. ट्रिगरमुळे एलएच या संप्रेरकाच्या नैसर्गिक उसळीसारखा संदेश जातो, स्त्रीच्या जन्माआधीपासून अर्ध्यावर थांबलेले बीजाचे विभाजन पुन्हा सुरू होते आणि साधारण 36 तासांत बीज फलनयोग्य होते. उंदराच्या बीजापेक्षा मानवी बीजाला या कामी कितीतरी अधिक तास लागतात, हे आयव्हीएफचे जनक रॉबर्ट एडवर्ड्स यांनी 1965 मध्येच दाखवले होते. वयाचा प्रश्न वेगळा आहे : बीजातील गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी पकड वर्षानुवर्षे सैल होत जाते आणि विभाजनाच्या वेळी वाटणी चुकते. शुक्रवारऐवजी शनिवार केल्याने ती पकड सैल होत नाही. शिवाय तुमचाच आकडा पाहा. उरलेली 4 बीजे अपरिपक्व होती. फॉलिकल दिवसाला दीड-दोन मिलिमीटर वाढते, म्हणजे शुक्रवारी ट्रिगर दिला असता तर अपरिपक्व बीजे कमी नव्हे, बहुधा अधिकच निघाली असती.

सत्तरीकर : ती 4 लहान फॉलिकलमधली असतील. मोठी 3 अति पिकली नाहीत कशावरून?

म्हापशाची लॅबवाली : ते सांगता येणार नाही, कारण सर्व फॉलिकलमधले द्रव एकापाठोपाठ येते आणि कोणते बीज कोणत्या फॉलिकलचे याची नोंद सहसा राहत नाही. परंतु 18 चे 20 झाले म्हणून बीज वाया जात नाही. ते फार दिवस लांबवले तर मात्र प्रश्न येतो.

कुडचड्याचा वाचक : दोघेही बीजाभोवतीच फिरत आहात. उशिराचा खरा धोका गर्भाशयाच्या अस्तराला असतो. फॉलिकल वाढत राहिली की ट्रिगरआधीच अस्तर तयार करणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढू शकते, अस्तराची तयारी भ्रूणाच्या वाढीच्या पुढे निघून जाते, आणि मग ताजा भ्रूण चांगला असूनही रुजत नाही. अशा वेळी भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात गर्भाशयात सोडतात. तुमच्याकडे भ्रूण त्याच चक्रात सोडला होता का?

फोंड्याची काकू : माझ्या सुनेच्या वेळी आम्ही दिवसापेक्षा घड्याळाला अधिक भ्यायलो. इंजेक्शन रात्री 9.30 चे, बीजे काढायची तिसऱ्या दिवशी सकाळी 9.30 ला. ट्रिगर तासभर मागेपुढे झाला तर लगेच कळवा, बीजे काढण्याची वेळही त्यानुसार सरकवू, असे परिचारिकेने बजावले होते. कारण फार आधी काढल्यास बीजे फॉलिकलच्या भिंतीपासून सुटत नाहीत आणि फार उशीर केल्यास ती आधीच बाहेर पडून जातात. वाळपईहून पणजीला येणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

सत्तरीकर : इंजेक्शन वेळेवरच घेतले होते, काकू. भ्रूण त्याच चक्रात सोडला, आणि प्रोजेस्टेरॉनची नोंद आमच्या फाईलमध्ये कुठेच नाही. ‘दर्जा’ हा शब्द मी मागे घेतो. रविवारचा आक्षेप मात्र मागे घेत नाही, कारण उशिराचे कारण वैद्यकीय नव्हते आणि तसे आम्हाला कोणी सांगितलेही नाही.

म्हापशाची लॅबवाली : त्यावर माझे काही म्हणणे नाही. पुढच्या खेपेस, बीजे काढण्याचा अंदाजे दिवस रविवारी येऊ नये म्हणून इंजेक्शने कधी सुरू करायची, हे पाळी येण्याआधीच विचारून घ्या.